कुकडीची बारी

अण्णांना हळू बोलता येत नसे. त्यांनी प्रयत्नच केला नाही असं नाही. एकदा केला होता, तोही दवाखान्यात, एका आजारी मित्राच्या उशाशी बसून. "काय म्हणतीय तब्येत?" एवढंच त्यांनी मित्राच्या कानात विचारलं. मित्र दचकून उठून बसला, आणि शेजारच्या खोलीतल्या पेशंटनं "आता बरंय, बरंय" असं उत्तर दिलं. नर्स धावत आली. अण्णा तिला म्हणाले, "बघा ताई, बसला का न्हाई उठून? तुमी उगंच सलाईन लावताय."

जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीचा नाद असलेल्या माणसाला (आणि नसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही) त्यांची ओळख सांगायची गरज नाही. बोरी बुद्रुकचे भिर्रअण्णा! घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडा सुटला की निवेदक माईकवरून "भिर्रर्रर्र" अशी आरोळी देतो, ती देणारे खूप आहेत. पण अण्णांची आरोळी सुटली की बैलांच्या आधी माणसं पळायची. मी घाटात कडेच्या दगडावर बसलेला असे, आणि आपण उठून उभे कधी राहिलो हे मला कळत नसे. लोक तर सांगत की अण्णा बोरीत ओरडले की दूर आणे गावच्या पठारावर चरणाऱ्या शेळ्या माना वर करतात. अण्णांना हे कुणी विचारलं तर ते नम्रपणे म्हणत, "शेळ्यांचं म्हाईत न्हाई, पण सासरा आण्याचा हाय. त्यो करायचा."

घाटातली त्यांची एक शिस्त होती. एकेका गाड्याची पाळी, म्हणजे बारी, आली की आधी मालकाचं नाव, मग त्याच्या वडलांचं, मग गावाचं. ते झाल्याशिवाय बैलाचा खूर हलू द्यायचा नाही. वर यात्रा कमिटी घड्याळ दाखवून कितीही हातवारे करो. "नाव घेतल्याबिगर बारी सोडायची न्हाई," हे त्यांचं ठरलेलं. आणि गाडा वेळेवर हजर नसला तर त्या गावाचा तीनदा पुकारा. पहिला साधा, दुसरा जरा लांबवलेला, आणि तिसरा असा की मालक जेवायला बसला असेल तर हात न धुता पळत यावा. तिसऱ्यालाही कुणी आलं नाही की "बारी बाद!" आणि पुढचा गाडा.

ही शिस्त घाटापुरती राहती तर काही म्हणणं नव्हतं. अण्णा ती घरीही चालवत. ओट्यावर बसून त्यांचा पुकारा सुरू होई, "आण्याच्या मानकरी, सौभाग्यवती वहिनीसायेब, चहा घेऊन हजर व्हावं!" वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कानात कापूस घालून भाकरी थापत असत. लग्नानंतर दोनच दिवसांत त्यांनी कापूस घातला तो काढलाच नाही. तीन पुकारे होत, आतून हूं का चूं येत नसे, मग अण्णा "बारी बाद!" म्हणून स्वतःच्या हातानं माठातलं पाणी पीत. उभ्या संसारात ही बाई एकदाही पुकाऱ्याला हजर झाली नाही, असं ते मला तक्रारीच्या सुरात सांगत. वहिनी म्हणत, "हजर व्हायला मी काय बैल हाय?"

माझी आणि त्यांची ओळख शब्दांमुळे झाली. मी अवसरी बुद्रुकचा, मराठीचा शिक्षक. वर्गात तिसऱ्या बाकापलीकडे माझा आवाज पोचत नाही ही माझी ख्याती. अण्णा एकदा मोटारसायकलवरून आले आणि दारातूनच म्हणाले, "गुरुजी, एक जड शब्द पायजे. पांढऱ्या बैलासाठी." मी 'देदीप्यमान' दिला. त्या मोसमात त्यांनी तो बैलाला लावला, बैलाच्या मालकाला लावला, सरपंचाला लावला, आणि शेवटी पाण्याच्या टँकरलाही लावला. त्यानंतर दर यात्रेच्या आधी ते नवा शब्द न्यायला येत. जाताना मला सल्ला देऊन जात, "गुरुजी, तुमचं समदं चांगलं हाय, पण आवाज गळ्यातनं येतोय. पोटातनं बोला!"

मग शर्यतींवर बंदी आली. घाट ओस पडले, त्यांच्यावर गवत वाढलं. बैलवाल्यांचे हाल झाले ते सगळ्यांनी पाहिले, पण माईकवाल्याचे हाल कुणी पाहिले नाहीत. लग्नांत अण्णांना बोलावत, पण एका लग्नात अंतरपाट दूर होताना त्यांच्या तोंडून "सुटली!" असं निघालं, आणि नवरीचा मामा घोडं उधळल्यासारखा मांडवाबाहेर गेला. तेव्हापासून लग्नंही बंद. शेवटी ते नारायणगावच्या स्टँडवर जाऊन बसत आणि सुटणाऱ्या एसट्यांचं निवेदन करत. माईक नाही, पैसे नाहीत, नुसती हौस. माणूस अगदी सुकला हो. मला बघवत नसे.

अशा वेळी माझी जुनी विद्यार्थिनी केतकी माझ्याकडे आली. ही पुण्यात सिनेमाचं शिकलेली. तिला कुकडी नदीवर माहितीपट करायचा होता, उगमापासून खाली संगमापर्यंत. माहितीपट म्हणजे आकडे आणि नकाशे नव्हेत बरं का, काव्यात्म! मी निवेदन लिहायचं ठरलं. नमुना म्हणून तिनं परदेशातला एक माहितीपट लॅपटॉपवर दाखवला. त्यातली नदी हिमनदीतून निघते. निळा बर्फ, धुकं, आणि कुणीतरी गृहस्थ श्वास सोडल्यासारखं बोलतोय. त्या दिवशी अण्णा नेमके शब्द मागायला आले होते. शर्यती बंद असल्या तरी शब्द साठवून ठेवावेत असं त्यांचं मत. तेही मागे उभे राहून बघू लागले.

"ह्या माणसाला बरं न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, ती शैली आहे," केतकी म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर बर्फाचा एक कडा, आपल्या शिवनेरीच्या निम्म्याएवढा, तुटून पाण्यात कोसळू लागला, आणि निवेदक हळूच काहीतरी पुटपुटला. अण्णांना ते सोसवेना. "अरं, एवढं मोठं सुटलंय आन् हा गडी कानात बोलतोय! फुटली! फुटली! भिर्रर्रर्र!" माझ्या घरातली मांजर त्यानंतर दोन दिवस परतली नाही. केतकी मात्र खुर्चीत खिळून राहिली होती. ती म्हणाली, "सर, निवेदनाला हाच आवाज घ्यायचा."

मी कपाळावर हात मारला. माझ्या निवेदनाचं पहिलं वाक्य होतं, 'सह्याद्रीच्या निद्रिस्त पापणीतून ओघळलेला एक मूक थेंब'. ते या माणसाच्या तोंडी!

केतकीला एकच खंत होती, आपल्या कुकडीला बर्फ नाही. "उगमाला ती भव्यता येणार नाही," ती म्हणे. अण्णांना हे लागलं. "ताई, बर्फ पायजे तर नारायणगावातनं लादी आणू, त्यात काय! पर त्या परदेशी नदीचं निम्मं काम बर्फानं केलंय. आमची कुकडी नुसत्या पावसावर पळती. तिला कमी लेखू नका."

पुण्याच्या स्टुडिओत अण्णांना नेलं त्या दिवसाची आठवण झाली की मला अजून हसू आवरत नाही. काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं त्यांना माईकपासून एक पाऊल मागे व्हायला सांगितलं, मग आणखी दोन, मग भिंतीला टेका म्हणाला, आणि शेवटी दार उघडून पॅसेजमध्ये उभं केलं. तरी त्याच्या यंत्रावरचे दिवे लालच. पडद्यावर उगमाचं दृश्य होतं. कुकडेश्वराच्या बाजूचं रान, शेवाळ, आणि शेवाळाच्या टोकाला लोंबणारा तो माझा मूक थेंब. अण्णांनी कागद खिशात घातला, एक हात कानावर ठेवला आणि सुरू झाले.

"कुकडेश्वराच्या चरणी मुजरा करून! पश्चिमेकडून बारीला येत हाय... आपल्या सर्वांची आई... गाव पूर, तालुका जुन्नर... कुकडी माता! येऊ द्या, येऊ द्या... थेंब तयार हाय... सुटलाऽऽ! भिर्रर्रर्र!"

पुढे खंड्या पक्षी फांदीवर येऊन बसला. "आपल्यामधी उपस्थित झालेले हायेत श्रीयुत खंड्या. त्यांचं समस्त ग्रामस्थांच्या वतीनं देदीप्यमान स्वागत!" रात्रीच्या दृश्यात बिबट्या पाणी प्यायला आला. "पालकांना विनंती हाय, लहान पोरं सांभाळा. बिबटेराव, तुमी पाणी पिऊन घ्या, गडबड करू नका." तंत्रज्ञ डोकं टेबलावर टेकून हसत होता. केतकी हसत नव्हती, कारण तिला आता पूर्ण माहितीपट असाच हवा होता. आणि मी, मराठीचा शिक्षक, माझी पापणी आणि माझा थेंब घेऊन कोपऱ्यात बसलो होतो.

पण दुपारनंतर अण्णा एकदम गप्प झाले. स्टुडिओतल्या त्या गाद्या लावलेल्या भिंतींची त्यांना भीती वाटू लागली. "गुरुजी, आवाज माघारी येत न्हाई हो. कोण ऐकतंय का न्हाई, कायच कळंना." मग ठरलं, ध्वनिमुद्रण बोरीच्या ओस पडलेल्या घाटातच करायचं. त्यांच्या हातात घाटातला जुना माईक द्यायचा, तो कशालाही जोडलेला नसला तरी चालेल, म्हणजे ते मोकळे होतील. तसंच झालं. गवतात उभं राहून अण्णा रिकाम्या घाटाला कुकडी ऐकवू लागले. प्रत्येक गावाचं नाव त्यांना घ्यायचं होतं, दोन्ही काठांचं. केतकी म्हणे नदीला गावांची गरज नसते. अण्णा म्हणत, "नसंल. गावाला असती ना? मग नाव घ्या." एवढे वाद व्हायचेच.

खरा वाद झाला तो धरणावर. माहितीपटात दोन मिनिटांचं एक दृश्य होतं, ड्रोनमधून घेतलेलं. वरच्या धरणाचं साठलेलं पाणी, चहूकडे डोंगर, मध्ये नुसती सपाट निळाई. त्या जागी मी संहितेत एकच शब्द लिहिला होता, 'मौन'. केतकी त्यावर फार खूश होती. हाच माहितीपटाचा आत्मा असं तिचं म्हणणं. दृश्य अण्णांना माझ्या घरी लॅपटॉपवर दाखवलं. अण्णा वाकले, पडद्याला बोट लावलं. काठावरचं एक टेकाड होतं, त्याच्या जरा अलीकडे, पाण्यावर.

"हितं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले होते, आणि म्हणून आम्हाला कळलंच नाही. "हितं उंबरदरा व्हता."

"म्हणजे काय?" केतकीनं विचारलं.

"आमचं गाव. मी ह्या बोरीचा न्हाई ताई. आमाला धरणानं उठवलं तवा मी एवढाला व्हतो. ट्रकात भांडीकुंडी, आई, शेळी, आन् मी. कोण बोरीला आलं, कोण आणखी कुठं गेलं. गाव काय परत एका जागी आलं न्हाई." ते खुर्चीत बसले. "गुरुजी, माझ्या तोंडातनं ह्या दोन तालुक्यांतली समदी गावं गेली. उंबरदऱ्याचं नाव एकदा पण न्हाई. कसं घेणार? त्या गावचा गाडाच येत न्हाई ना. गाडा न्हाई तर बारी न्हाई, बारी न्हाई तर नाव न्हाई."

इतकी वर्षं मी या माणसाला ओळखत होतो. त्याच्या विनोदांवर हसलो होतो, त्याला जड जड शब्द दिले होते. हे मला ठाऊक नव्हतं.

केतकी भली मुलगी, पण सिनेमा शिकलेली. तिला वाईट वाटलं, तरी ती म्हणाली, "अण्णा, तिथे शांतताच हवी. शांततेतूनच ते दुःख पोचेल."

"शांतता तर हायच तिथं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज आता परत आला होता. "चाळीस वर्सं शांतताच हाय! तुमी आणखी काय भर घालणार? नाव घेतल्याबिगर बारी सोडायची न्हाई, ताई. उंबरदऱ्याचं नाव घ्यायचं नसंल तर माझा आवाज काढून टाका, समदाच. गुरुजींचा घाला."

मोटारसायकल चालू झाली आणि ते गेले. जाताना खिडकीतून मला दिसलं, त्यांनी किक तीन वेळा मारली, आणि एकदाही "बारी बाद" म्हणाले नाहीत.

आठवडाभर अण्णा इकडे फिरकले नाहीत. केतकीनं खरोखरच माझा आवाज घालून पाहिला. तो ऐकून तिनं मला फक्त चहा करून दिला. शेवटी मध्यस्थी केली ती वहिनींनी. त्यांनी मला निरोप धाडला, "हे घरात गप बसून हायेत. मला कापूस काढावा लागला. झोप लागंना. काय ते मिटवा." मी केतकीला घेऊन बोरीला गेलो आणि तह झाला. भाषण नाही, देदीप्यमान नाही, खंड्याचं स्वागत नाही. फक्त घाटाच्या रिवाजाप्रमाणे तीन पुकारे, आणि मग केतकीची शांतता.

ध्वनिमुद्रण संध्याकाळी झालं. अण्णा घाटाच्या तळाशी उभे राहिले, कानावर हात ठेवला.

"गाव उंबरदरा! बारीला हजर व्हा!"

"गाव उंबरदराऽऽ! बारीला हजर व्हा!"

तिसरा पुकारा कसा होता ते मला लिहिता येणार नाही, मराठीचा शिक्षक असलो तरी. समोरच्या टेकडीवर जाऊन तो परत आला. रिवाजाप्रमाणे पुढचे शब्द होते "बारी बाद". अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि हातातला न जोडलेला माईक बंद केला. "ते न्हाई म्हणणार मी," ते म्हणाले. केतकीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तिनं मान डोलावली.

माहितीपट पहिल्यांदा दाखवला तो बोरीतच, मारुतीच्या देवळापुढे पांढरा पडदा लावून. गाव लोटलं होतं. थेंब सुटला तेव्हा शिट्ट्या वाजल्या, बिबट्याला टाळ्या पडल्या, ज्याच्या त्याच्या गावाचं नाव आलं की तो तो गट उभा राहून फेटे उडवू लागला. इतकी काव्यात्म कलाकृती इतक्या गोंधळात बघितली गेल्याचं दुसरं उदाहरण नसेल. अण्णा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या कपड्यात, आणि त्यांच्या शेजारी वहिनी, नेहमीप्रमाणे कानात कापूस.

मग धरणाचं निळं पाणी आलं. पहिला पुकारा झाला तसा गोंधळ विरला. दुसऱ्याला कुणीतरी रडणारं मूल उचलून घेतलं. तिसरा झाला, आणि पडद्यावर शांतता पसरली. नुसतं पाणी. अण्णांनी मान खाली घातली होती. त्यांना वाटत असावं, आता सगळ्यांच्या मनात ते दोन शब्द येणार.

तेवढ्यात वहिनी उठल्या. त्यांनी आधी एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या. पदर खोचला. ज्या आण्याच्या पठारावर हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागे तिथली ती मुलगी, तिनं उंबरदरा जन्मात पाहिला नव्हता. पडद्यावरच्या त्या अथांग पाण्याकडे बघून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "उंबरदऱ्याची सून हजर हाय!"

मग मागून एक म्हातारा, "हजर!" पिंपळाखालून दोघी बायका, "हजर, हजर!" कुठल्या कुठल्या गावांतून ही धरणानं उठवलेली माणसं त्या दिवशी आली होती, आणि आम्हाला शेजारी असून माहीत नव्हती. अण्णा उठले, वळले, वहिनींकडे बघत राहिले. उभ्या संसारात बायको पुकाऱ्याला पहिल्यांदाच हजर झाली होती. त्यांनी रडत रडत, माईकशिवाय, अशी काही "भिर्रर्रर्र" दिली की देवळावरचे सगळे पारवे उडाले. आण्याच्या शेळ्यांनी त्या दिवशी नक्की माना वर केल्या असतील.

पुढे बंदी उठली. अण्णांनी दोन मोसम घाट गाजवला. नंतर छातीचं दुखणं निघालं आणि ते गेले. जाण्याआधी मी भेटायला गेलो होतो, त्यांचा हात धरून बसलो होतो. "गुरुजी, शब्द न्हाई आणला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, या वेळी नाही सुचला. "राहू द्या," ते म्हणाले, "जुनाच चालवू."

माहितीपट अजून गावोगाव दाखवतात. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर कुणी ना कुणी उठून "हजर" म्हणतं, तशी रीतच पडली आहे. मागच्या महिन्यात तो आमच्या अवसरीत दाखवला. वहिनींना मी मुद्दाम बोलावून माझ्या शेजारी बसवलं होतं. तिसरा पुकारा झाला. आमच्या गावात उंबरदऱ्याचं कुणीच नाही. पाणी पसरलं, कुणी उठेना. जन्मभर पोरांची हजेरी घेतली, पण मी स्वतः कधी दिली नव्हती. मी उठलो आणि म्हणालो, "हजर."

वहिनींनी माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं. कानात कापूस नव्हता, डोळे पाण्यानं भरले होते.

"गुरुजी, पोटातनं," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकू गेलं पायजे."